लागतं आणि लावतं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ अंबाजोगाईची ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर पोरांना भाषा शिकवली. त्यामुळे आजचा विषय भाषेतलाच निवडला. पत्रिकेवर छापण्यासाठी एखादं भारदस्त शीर्षक हवं होतं. मी एकच क्रियापद कळवलं : ‘लागणे’. एका क्रियापदावर तासभर काय बोलणार, अशी शंका काहींनी बोलून दाखवली. माझी भीती उलटी आहे. तास पुरणार नाही.

सुरुवात इंग्रजीपासून करतो, कारण बहुअर्थी क्रियापदांची चर्चा निघाली की आपल्याकडे दाखला इंग्रजीचा देतात. ऑक्सफर्डचा मोठा कोश 1928 साली पहिल्यांदा पूर्ण झाला, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढे नव्या आवृत्तीच्या कामात पीटर गिलिव्हर या संपादकांनी ‘रन’ हे क्रियापद हाती घेतलं. नऊ महिने त्या एका शब्दात गेले आणि अर्थ निघाले 645. 2011 साली ही बातमी जगभर गाजली. माणूस पळतो ते रन, नळ वाहतो ते रन, दुकान चालवणं रन, अमेरिकेत निवडणुकीला उभं राहणं रन, धुण्यात कपड्याचा रंग जाणं रन, संगणकावर प्रोग्राम चालतो तेही रन. यंत्रं आली, आगगाड्या आल्या, संगणक आले. प्रत्येकानं त्या जुन्या शब्दाच्या खांद्यावर आपलं ओझं ठेवलं आणि तो मुकाट वाहत राहिला.

ही बातमी सांगून आपल्याकडचे काही लोक म्हणतात, बघा इंग्रजी किती श्रीमंत. भाषेची श्रीमंती अशी मोजता येत नाही. कोशकार बारीक चाळणी लावतो की जाड, यावर अर्थांची संख्या ठरते. तरीही कुणाला मोजायची हौस असेल तर त्यानं आपलं ‘लागणे’ घ्यावं. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती 1857 ची. दाते आणि कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग 1932 ते 1938 या काळात छापले. या कोशांत ‘लागणे’ उघडून पाहा. नोंद संपता संपत नाही.

कोशापर्यंत जायचीही गरज नाही. बसस्थानकावर ‘लातूर गाडी लागली’ म्हटलं की माणसं फलाटाकडे धावतात. ‘मला गाडी लागते’ म्हटलं की शेजारचा उठून खिडकीची जागा देतो. बोअरला पाणी लागतं, आणि नाही लागलं तर गावाला टँकर लागतो. कापसाला बोंडं लागतात आणि बोंडांना अळी लागते. पोराला नोकरी लागते, नाद लागतो, नजर लागते. परीक्षेचा निकाल लागतो, रेशनच्या दुकानाबाहेर रांग लागते, चोरीचा तपास लागतो. गवयाचा सूर लागतो, योग्याची समाधी लागते, दिवसभर राबलेल्याला झोप लागते. भाजी खारट लागते आणि सुनेला सासूचा शब्द लागतो. सख्खा मामा ‘मामा आहे’ असतो. आईचा चुलतभाऊ मात्र ‘मामा लागतो’. नातं जरा लांबचं झालं की ‘आहे’ जाऊन ‘लागतो’ येतं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

हे सगळे अर्थ डोक्यात ठेवून माणूस बोलतो कसा? ऐकणारा अडत का नाही? उत्तर साधं आहे. शब्दाचा अर्थ शब्दाच्या एकट्याच्या पोटात नसतो, त्याच्या संगतीत असतो. ‘लागणे’च्या आधी काय आलं आणि कोणत्या रूपात आलं, हे कान आधी टिपतो. तीन वाक्यं घ्या. ‘ती स्वयंपाक करायला लागली’ : काम सुरू झालं. ‘ती सासूला स्वयंपाक करू लागली’ : तिनं हातभार लावला. ‘तिला स्वयंपाक करावा लागला’ : तिची इच्छा कुणी विचारली नाही. बाई तीच, चूल तीच, क्रियापदही तेच. ‘करायला’, ‘करू’, ‘करावा’ एवढ्या फरकानं आरंभ, मदत आणि सक्ती हे तीन वेगळे संसार उभे राहिले.

इथं जमलेल्या इंग्रजीच्या शिक्षकांना एक विनंती करून पुढं जातो. आपली मुलं भरतीच्या आणि स्पर्धेच्या परीक्षांसाठी इंग्रजी क्रियापदांच्या अर्थांच्या याद्या पाठ करतात आणि पेपरात गोंधळतात. ‘लागणे’ त्यांनी यादी पाठ करून शिकलेलं नाही. वाक्यं ऐकून शिकलेलं आहे. इंग्रजी क्रियापदही त्याच वाटेनं येतं : त्याच्या संगतीसकट, पूर्ण वाक्यात.

आता या शब्दाचं कूळ पाहू. संस्कृतात ‘लग्’ हा धातू आहे. अर्थ, चिकटणं, भिडणं, संपर्कात येणं. प्राकृतात त्याचं ‘लग्ग’ झालं आणि तिथून मराठीत ‘लागणे’, हिंदीत ‘लगना’, गुजरातीत ‘लागवुं’, बंगालीत ‘लागा’. लगेच, लगोलग, लगत, सलग, लगट, लागवड, लागण ही सगळी त्याच घरातली मंडळी. सगळ्या अर्थांच्या मुळाशी स्पर्श आहे. ठेच लागते तेव्हा दगड बोटाला भिडतो, पाणी लागतं तेव्हा ड्रिलचं टोक झऱ्याला भिडतं, गाडी लागते तेव्हा ती फलाटाला भिडते. सूर लागतो म्हणजे गळा नेमक्या जागी पोचतो. अर्थ कितीही पांगले तरी हा धागा हाताला येतो.

त्याच धातूचं संस्कृत कृदन्त ‘लग्न’. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला त्या घटकेला जी राशी भिडलेली असते तिला लग्न म्हणतात. त्या घटकेवर जो विधी करायचा त्यालाच पुढं लग्न हे नाव पडलं. म्हणजे आपण ‘लग्न लागलं’ म्हणतो तेव्हा एकच धातू दोनदा उच्चारतो, एकदा संस्कृत रूपात, एकदा मराठी रूपात. या गावात तर ही गोष्ट वेगळी सांगायला नको. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला आणि देवी इथंच कुमारिका राहिली, ही कथा अंबाजोगाईत लहान मुलालाही ठाऊक आहे. घटका टळली, म्हणून लग्न लागलं नाही. या एका वाक्यात शब्दाचा सगळा इतिहास आला.

परंपरेप्रमाणे मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये ‘विवेकसिंधु’ लिहिला आणि त्यांची समाधी याच गावात दाखवतात. त्या जुन्या मराठीत ‘लागी’ हा शब्द नामाला जोडून ‘साठी’ या अर्थी येत असे : देवालागी, तुजलागी. ज्याच्याशी मन जडलं त्याच्यासाठी, असा तो प्रवास. आज ‘साठी’नं ती जागा घेतली, ‘लागी’ अभंगांत आणि ओव्यांत उरलं. शब्दांनाही नोकरीतून निवृत्त व्हावं लागतं.

शेजारच्या हिंदीशी तुलना करून पाहण्यासारखी आहे. हिंदीत ‘अच्छा लगता है’ हे मनाचं काम आहे. मराठीत मनाचं खातं ‘वाटणे’कडे गेलं आणि ‘लागणे’कडे जिभेचं राहिलं : आमटी चांगली लागते, माणूस चांगला वाटतो. उलट सक्तीचं काम हिंदीनं ‘पड़ना’ला दिलं, मराठीनं मुख्यतः ‘लागणे’ला. हिंदीत सक्ती माणसावर येऊन पडते. मराठीत ती त्याला चिकटते, आणि चिकटलेली गोष्ट झटकून टाकणं जास्त कठीण.

आपल्या भागातल्या बोलीनं याच क्रियापदाला आणखी एक वळण दिलं आहे. पुण्याचा माणूस विचारतो, ‘काय करतोयस?’ आपल्याकडे विचारतात, ‘काय करायलास?’ आणि उत्तर येतं, ‘जेवायलोय.’ ‘जेवायला लागलोय’ हे झिजून ‘जेवायलोय’ झालं असावं, हे रूपच सांगतं. पण अर्थ पाहा. पुण्यात ‘तो जेवायला लागला’ म्हणजे त्यानं सुरुवात केली. इथं ‘तो जेवायलाय’ म्हणजे पान वाढलेलं आहे आणि घास तोंडात आहे. आरंभाचं क्रियापद चालू काळाचं झालं. व्याकरणातला हा मोठा बदल आहे, आणि शाळेत मात्र तो ‘अशुद्ध’ म्हणून लाल शाईनं खोडला जातो. यात एक ऐतिहासिक दुर्दैवही आहे. ग्रिअर्सन यांची भारतीय भाषांची प्रसिद्ध पाहणी झाली तेव्हा मद्रास, हैदराबाद आणि म्हैसूर हे मुलूख तिच्या बाहेर राहिले. आपलं बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. मोल्सवर्थ यांचा कोशही मुंबई इलाख्याच्या सरकारसाठी तयार झाला. देशाच्या बोली मोजल्या जात होत्या तेव्हा आपण हद्दीच्या पलीकडे होतो. अलीकडे डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं. ती उणीव आता कुठं भरून निघते आहे.

इथवर शब्दाचं कौतुक झालं. आता ज्यासाठी हा शब्द निवडला, त्याकडे येतो.

‘लागणे’च्या वाक्यांचे सरळ दोन गट पडतात. एका गटात माणसाला ‘ला’ जोडलेला असतो : मला भूक लागली, त्याला ठेच लागली, पोरीला नोकरी लागली, आम्हाला जावं लागलं. या वाक्यांत माणूस कर्ता नाही. बाहेरून काहीतरी येतं आणि त्याला भिडतं. तो फक्त घेतो किंवा सोसतो. दुसऱ्या गटात माणसाला ‘ला’ नाही : मी कामाला लागलो, ती अभ्यासाला लागली, तो मला मोळी उचलू लागला. इथं माणूस स्वतः जाऊन कशाला तरी भिडतो. एकाच क्रियापदात लाचारीही आहे आणि पुढाकारही. कोणाच्या वाट्याला कोणता गट जास्त येतो, हे पाहिलं की व्याकरणाचा तास संपतो आणि समाजाचा सुरू होतो.

आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या आगेमागे गावं रिकामी होतात आणि कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडी माणसं परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे जावं लागतं. पश्चिमेकडच्या बागाईतदाराच्या तोंडी ‘लागण’ म्हणजे उसाची लागवड : आडसाली लागण, पूर्वहंगामी लागण, सुरू लागण. आपल्या माणसांच्या तोंडी 2020 नंतर ‘लागण’ म्हणजे कोरोना. शब्द एकच, कुणाच्या तोंडी पीक, कुणाच्या तोंडी रोग.

फडात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा गडी असेल तर तो ‘अर्धा कोयता’. व्यवहाराचा हिशेब असा चोख आहे : बाई अर्धी आहे. ती ऊस तोडते, साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते. त्याआधी कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, भाकरी थापलेल्या असतात. पण घरी विचारा, तुमची मालकीण काय करते? उत्तर येतं, ‘मला ऊस तोडू लागते.’ करू लागते. म्हणजे काम त्याचं, हातभार तिचा. कोयत्याच्या हिशेबात जी अर्धी आहे ती वाक्यात मदतनीस होते. उचल त्याच्या नावावर, मुकादमाच्या वहीत नाव त्याचं. शेतातही हेच, ‘शेतात करू लागते’. आणि सातबारा कुणाच्या नावावर, हे वेगळं सांगायला नको.

‘करू लागणे’ हा वास्तविक या क्रियापदाचा सर्वांत सुंदर अर्थ आहे. न विचारता दुसऱ्याच्या ओझ्याला हात लावणं, यासाठी इतका साधा शब्दप्रयोग माझ्या माहितीतल्या दुसऱ्या भाषेत नाही. म्हणून तर तो जपून वापरायला हवा. जिथं श्रम समान आहेत तिथं ‘करू लागते’ म्हणणं ही दुसऱ्याचा वाटा गिळण्याची सभ्य रीत आहे. तिथं ‘करते’ म्हणावं. एवढंच.

आता ‘करावं लागतं’. या रचनेची खुबी अशी की तिच्यात सक्ती स्पष्ट दिसते आणि सक्ती करणारा कुठंच दिसत नाही. ‘मला जावं लागलं.’ कुणी पाठवलं? वाक्य गप्प. व्याकरणाला त्याचं नाव विचारायची गरजच पडत नाही.

2019 साली या जिल्ह्याचं नाव एका वेगळ्याच कारणानं देशभर गेलं. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली; त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहांतली एक. त्या बायकांच्या मुलाखती वर्तमानपत्रांत आल्या, दूरचित्रवाणीवर आल्या. आपल्या बोलीत हे सांगायची पद्धत ठरलेली आहे : ‘पिशवी काढावी लागली.’

‘लागली’ या एका शब्दाखाली किती हात लपले आहेत, पाहा. दुखणं होतं, हे खरं. पण पाळीच्या दिवसांत काम थांबलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार, हे कुणीतरी ठरवलेलं होतं. फडाजवळ शौचालय नाही, न्हाणीची जागा नाही, पाणी नाही, हेही कुणाच्या तरी जबाबदारीतलं होतं. औषधानं भागेल असं दुखणं घेऊन आलेल्या तिशीतल्या बाईला, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, अशी भीती कुणीतरी घातली होती. उचल फेडायची घाई कुणाची तरी होती. ‘काढावी लागली’ या वाक्यात यांपैकी एकही जण नाही. वाक्य त्या बाईनं सुरू होतं आणि तिच्यावरच संपतं. जणू नशिबातून काहीतरी उडत आलं आणि तिला लागलं.

मराठीत ‘लागणे’ला एक सख्खं भावंड आहे : ‘लावणे’. आग लागते आणि आग लावतात. सवय लागते आणि सवय लावतात. वाट लागते आणि वाट लावतात. भांडण लागतं, तेव्हा बहुधा ते कुणीतरी लावलेलं असतं. ‘लागणे’त कर्ता लपतो, ‘लावणे’त तो समोर येऊन उभा राहतो. भाषेनं दोन्ही रूपं दिली आहेत. कोणतं वापरायचं, हा निर्णय बोलणाऱ्याचा असतो, आणि तो निर्णय कधीच निव्वळ व्याकरणाचा नसतो.

यावर कुणी म्हणेल, सगळंच काही कुणी लावत नाही. खरं आहे. भूक लागते, झोप लागते, ऊन लागतं. तिथं कर्ता शोधत बसणं वेडेपणाचं होईल. पाऊस न पडणं हेही कुणाच्या हातात नाही. पण 2016 साली मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा त्या ‘लागलं’मध्ये निम्मा पाऊस होता आणि निम्मा पाण्याचा हिशेब. उसाला किती, गावाला किती, बोअर किती खोल गेले, हा हिशेब माणसांनी केलेला असतो. निसर्गाचं कोणतं आणि माणसाचं कोणतं, हे वेगळं करणं अवघड असेल, पण अशक्य नाही. ‘लागणे’च्या जागी ‘लावणे’ घालून पाहावं. वाक्य बसलं, तर तिथं माणूस आहे. ‘भूक लावली’ बसत नाही. ‘कामाला लावलं’ बसतं. ‘करायला लावलं’ तर फारच चांगलं बसतं.

म्हणून समारोपाला तीन मागण्या करतो, तिन्ही या सभागृहातल्या माणसांना करता येण्याजोग्या.

पहिली शिक्षकांकडे. ‘करायलाय’ला लाल शाई लावू नका. प्रमाणभाषा जरूर शिकवा, पण पोराच्या घरच्या बोलीला नियम आहेत, हे त्याला आधी सांगा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुलं परत येतील तेव्हा त्यांच्याकडून शब्द लिहून घ्या : कोपी, खाडा, वाढं, फड, मोळी, पट्टा पडणे. प्रत्येक शब्दासोबत एक पूर्ण वाक्य घ्या. या जिल्ह्याचा कोश पुण्यात बसून होणार नाही.

दुसरी वार्ताहरांकडे आणि सरकारी अहवाल लिहिणाऱ्यांकडे. ‘स्थलांतर करावे लागते’, ‘शाळा सोडावी लागली’, ‘शस्त्रक्रिया करावी लागली’ अशी वाक्यं तुमच्या लेखणीतून उतरली, की तिथं थांबा आणि पुढचं एक वाक्य लिहा : कोणी करायला लावलं, किंवा काय नसल्यामुळं करावं लागलं. बातमी तिथून सुरू होते.

तिसरी आपल्या सगळ्यांकडे. ज्या घरात, ज्या फडात, ज्या शेतात बाई बरोबरीनं राबते, तिथं ती ‘करू लागते’ असं म्हणू नका. ती करते. कागदावरही तिचं नाव त्याच ओळीत लिहा.